किल्ली काढल्यावर

तुझ्या आजोबांचं लिहायचं तर आधी हे लिही, की ते ठार बहिरे होते. चाळीस वर्षं गॅरेजमध्ये इंजिनांच्या कुशीत काढली, कान गेले. मी शेजारी बसून त्यांच्या नावानं खडे फोडले तरी आपले हसायचे.

इंजिन मात्र त्यांना ऐकू यायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, हे इंजिन ह्याच गाडीचं की दुसरीतून काढून घातलेलं. जुन्या गाड्यांचे शौकीन लांबून यायचे. ह्यांनी कागदावर लिहून दिलं, तरच गाडी प्रदर्शनात मानानं उभी राहायची. आणि खोटं लिहून द्यायचे नाहीत, अगदी जीव गेला तरी.

गॅरेजच्या मागे आमच्या दोन खोल्या. तिथेच वन्सं राहायच्या, ह्यांची धाकटी बहीण. भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, गाडीतून गावोगाव चष्मे विकायचे. एका सकाळी ‘संध्याकाळी येतो’ म्हणून गेले ते गेलेच. एकोणीस वर्षं झाली होती. गाडी नाही, निरोप नाही. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? म्हणायचे, चष्मेवाल्याला दुसरी कोणीतरी नीट दिसली असेल. वन्संना तोंडावर ‘टाकलेली’ म्हणायचे. त्या खाली मान घालून मागच्या बोळानं जायच्या. रडल्या नाहीत कधी. मला एवढंच म्हणायच्या, "वहिनी, मेले असं कोणी सांगितलं तर रडेन हो. पण टाकलं म्हणून कसं रडायचं?"

तर त्या दिवशी भर दुपारी एक डॉक्टर जुनी हिरवी गाडी घेऊन आले. म्हणाले, "माझ्यापेक्षा म्हातारी आहे. तापते फार. तेवढं बघा, आणि इंजिन तिचंच आहे असं लिहून द्या."

हे ओठ वाचायचे. म्हणाले, "म्हातारीचं वय तिला विचारू नये. दात बघावेत."

इंजिनावर नंबर असतो ना, तो घासून टाकलेला. जागा तळहातासारखी गुळगुळीत. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला. डॉक्टरांनी गाडी चालू केली, थोडा वेळ ठेवली, मग किल्ली काढली. किल्ली हातात, तरी इंजिन थांबेना. उचकी लागल्यासारखं करत राहिलं. फार तापलेलं जुनं इंजिन करतं असं, त्यात काही भुताटकी नाही, हे मला नंतर ह्यांनीच सांगितलं. पण तेव्हा ह्यांचा चेहरा मी पाहिला. पांढराफटक.

आणि मागून वन्सं आल्या. हातात चहाचा कप.

"आलात?" म्हणाल्या.

अगं, भावजींची गाडी अश्शीच थांबायची. किल्ली काढल्यावर नऊ उचक्या. वन्सं आत बसून मोजायच्या आणि नववीला चहा ओतायच्या. एकोणीस वर्षांनी त्या दुपारी हातांनी आपसूक चहा ओतला होता. डॉक्टरांना बघून त्या जागीच थिजल्या. 

डॉक्टर बिचारे म्हणाले, "माझ्यासाठी? कशाला त्रास?" आणि त्यांनी कप घेतलासुद्धा.

ह्यांनी इंजिन जरा निवू दिलं, मग इंजिनाच्या मागच्या अंगाला हात घातला, बोटांनी चाचपलं. इंजिनात पाणी फिरतं, त्याच्या भोकांना टोपणं असतात. एका टोपणावरचा रंग ह्यांनी खरवडला. खालून पितळ चमकलं. भावजींच्या गाडीचं टोपण एकदा गळायला लागलं, तेव्हा ह्यांनी घराच्या दाराची पितळी मूठ कापून नवं घडवलं होतं. मी केवढी भांडले होते! आता ते ठोकून काढलं तर आतल्या बाजूला मुठीवरचं फूल तस्संच.

भोकातून गार, राखाडी गाळ ओघळला. त्यात तांदळाएवढे शिंपले.

"दादा, हे पाण्यात होतं?" वन्संनी विचारलं. ह्यांनी मान हलवली.

डॉक्टरांचा कप हातातच राहिला. म्हणाले, "मी गाडी भंगारवाल्याकडून घेतली, ह्याच इंजिनासकट. बाकी मला काही माहीत नाही हो."

वन्सं म्हणाल्या, "चला त्याच्याकडे." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या पुढच्या रस्त्यानं निघाल्या. आम्ही मागे.

भंगारवाला आधी उडवाउडवी करायला लागला. ह्यांनी पितळेचं टोपण त्याच्यापुढे ठेवलं, तेव्हा बोलला. गावाबाहेर रस्त्याला लागून दगडाची जुनी खाण आहे, पाण्यानं भरलेली. ती मागच्या वर्षी पंपानं उपसली, तेव्हा तळाशी गाडी निघाली. पोलिसांची कटकट नको म्हणून त्यानं नंबर घासला आणि गाडी तोडून विकली.

मी विचारलं, "आणि माणूस?"

"कोणी नव्हतं, आजी. काचा वर, चारी दारं बंद. मी स्वतः पहारीनं उघडली. मागच्या सीटवर चष्मे होते, पेटीभर."

म्हटलं, बंद गाडीतून माणूस जाईल कुठे?

वन्संनी मात्र ते ऐकलंच नाही जसं. त्यांनी दुसरंच विचारलं. "गाडीचं तोंड कुठे होतं?"

"तोंड? गावाकडे."

"नीट आठव."

"गावाकडेच. त्याच बाजूनं ओढून काढली की."

वन्सं तिथेच लोखंडाच्या ढिगावर बसल्या आणि रडल्या. किती रडल्या! ह्यांना ऐकू येत नव्हतं, पण वन्संचा खांदा धरून बसले होते, त्यांना हातातून कळत होतं. म्हणाले, "चिमे, घरी यायलाच निघाला होता गं."

घरी येऊन ह्यांनी डॉक्टरांना कागद दिला. ‘इंजिन ह्या गाडीचं नाही. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं आहे. ते घरी येत होते.’ शेवटचं वाक्य कशाला, असं डॉक्टरांनी विचारलं नाही. भला माणूस.

त्यानंतर वन्संना कोणी टाकलेली म्हटलं नाही. संध्याकाळी त्या पुढच्या पायरीवर बसायला लागल्या, खाणीच्या रस्त्याकडे तोंड करून. मी एकदा म्हटलं, "वन्सं, आता कोणाची वाट बघता?"

त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "गाडीत नव्हते ना? मग चालत येत असतील. वेळ लागायचाच."

मी हसले नाही. आत गेले आणि पुढच्या दाराकडे पाठ करून बसायचं मी त्या दिवसापासून सोडलं.