नको म्हणजे वाढा

पांढरीशुभ्र चादर घातलेल्या टेबलाशी बसून, समोर उत्तम स्वयंपाक असताना, आम्ही तीन माणसं दोन दिवस अर्धपोटी राहिलो. कोणाचं पोट बिघडलेलं नव्हतं, कोणाला बोट लागली नव्हती. स्वयंपाक तर असा, की आज धुळ्यात बसून आठवला तरी तोंडाला पाणी सुटतं. तरी उपाशी! सगळं आमच्या खानदेशी वळणापायी.

तिघं म्हणजे मी, आमचे हे आणि अक्का, माझी थोरली बहीण. अक्काचं गाव नरडाण्याजवळ. लेकरं नोकरीपायी बाहेरगावी, दाजी गेल्यापासून ती तिथे एकटीच असते. मी भेटायला जायचे तेव्हा चूल गार, चहाचं पातेलं तेवढं गरम. एका जीवासाठी काय भाकरी थापायच्या, असं म्हणून चहात टोस्ट बुडवून दिवस काढायची. वर्षभरात तिची पोलकी खांद्यावरून उतरायला लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आजार काही नाही, पण अशाच न खाता राहिल्या तर आजार येईल. मला धास्तीच बसली.

म्हणून माझ्या लेकीने ब्रह्मपुत्रेवरच्या एका छोट्या बोटीची सहल ठरवून दिली तेव्हा मला नदीचं, गेंड्यांचं काही पडलं नव्हतं. आठवडाभर अक्काच्या पुढे दुसऱ्याने रांधलेलं गरम ताट येणार आणि ती ते खाणार, एवढंच माझ्या डोक्यात. नाही खाल्लं तर मी खायला लावणार. माझा स्वभाव आमच्या गल्लीला ठाऊक आहे. अक्का हो-नाही करत शेवटी म्हणाली, "येसू. पन नही जमनं ते मधमाच उतरी जासू."

भुसावळला गाडीत बसलो. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडतात न पडतात तोच तिने दशम्यांचा डबा उघडून आम्हाला दोघांना पोटभर वाढलं. स्वतः खाल्ली अर्धी.

बोट म्हटल्यावर मी डोळ्यांसमोर काय काय आणलं होतं! निघाली आमच्या कॉलनीतल्या दुमजली अपार्टमेंटएवढी. खोल्या मोजक्या, जेवायची खोली एक, स्वयंपाकघर एक. लेकीने आधीच पढवून ठेवलं होतं, की मोठ्या जहाजांवर दहा ठिकाणी जेवण, रात्रंदिवस जेवण, पण ते लग्नातल्या शेवटच्या पंगतीसारखं, कधीचं रांधलेलं कोण जाणे. छोट्या बोटीवर पदार्थ चारच, पण तव्यावरून थेट ताटात. पोरीचं खरं निघालं. सकाळी कोळ्याची होडी आमच्या बोटीला येऊन चिकटायची, आचारी कठड्यावरून वाकून मासळी पारखायचा आणि दुपारी तीच मासळी मोहरीच्या रश्श्यात! अक्का शाकाहारी, तर तिच्यासाठी हिरव्या पपईची भाजी, कोवळ्या पालेभाज्या आणि डाळीवर एका लांबट लिंबाची फोड. त्या लिंबाचा वास हाताला संध्याकाळपर्यंत राहायचा. पाव बोटीवरच भाजायचे. पहाटे त्या वासाने जाग यायची आणि मी अंथरुणातच हसत बसायचे. ह्यांनी पहिल्याच जेवणात हिरव्या चटणीला ठेचा समजून भलामोठा घास घेतला, ती निघाली गोड. तेव्हापासून आमचे हे बोटीवरच्या प्रत्येक हिरव्या पदार्थाकडे संशयाने बघत होते.

अडचण चवीची नव्हतीच. ताटल्या परातीएवढ्या आणि मधोमध वाटीभर भात. बाकीचं आपण मागून घ्यायचं. वाढायला एक मिशीवाले गृहस्थ होते, आसामी, पांढरे हातमोजे, वाकून बोलायचे. पहिल्या जेवणाला ते डाळीचं भांडं घेऊन आले आणि म्हणाले, "और लेंगे?"

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. पहिल्या विचारण्याला हो म्हणेल तो अधाशी. ताटावर हात आडवा धरायचा, "बस, बस, नको" म्हणायचं आणि बोटांत फट ठेवायची. वाढणाऱ्याने ती फट बघून तिच्यातून वाढायचं. मग आपण "अरे अरे, केवढं वाढलं!" म्हणून ओरडायचं आणि ते सगळं संपवायचं. हे शिकवावं लागत नाही. आमच्याकडे पोर पाटावर बसायला लागलं की त्याला फट ठेवता येते.

तर तीन ताटांवर तीन हात आडवे झाले. "नको, नको."

त्यांनी मान लववली आणि गेले.

गेले! आम्ही तिघं एकमेकांच्या बोटांमधल्या फटींकडे बघत बसलो. ह्यांना वाटलं, गरम भांडं आणायला गेले असतील. ते आले ते रिकाम्या ताटल्या उचलायला. रात्री तेच, दुसऱ्या सकाळी तेच. भुकेने डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण हो म्हणायला तिघांपैकी एकाची जीभ रेटेल तर शपथ. दुपारी खोलीचं दार लावून आम्ही पिशवीतली शेव आणि बिबड्या काढल्या. ज्वारीच्या पापडासारख्या कडक बिबड्या त्या, खाताना केवढा आवाज! शेजारच्या खोलीतल्या गोऱ्या बाईंनी काळजीने दार वाजवलं, काही मोडलं का म्हणून. ह्यांनी तोंड भरलेलं असताना "नो, नो" म्हणून एवढे हातवारे केले की बिबडीचा चुरा त्यांच्या चष्म्यावर उडाला. मी हसून हसून पलंगावर आडवी. अक्का मात्र हसली नाही, आणि तिने शेवेला हातही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ती पिशवी भरत होती. बोट दुपारी एका घाटाला लागणार होती, तिथे उतरून घरी जायचं तिने ठरवलं होतं.

मी म्हटलं, "अक्का, जेवण आवडत नाही का?"

"जेवन गोड शे व बाई. पन एकदाव इचारस आनि चालना जास. वाढानी रीत शे का हाई?" एवढं बोलून तिने लुगड्याची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुना दाजी गयात. आते माले 'ले' म्हननारं कोन शे?"

आमचे दाजी साऱ्या गावात वेगळे. बाकीचे पुरुष हात धुऊन ओट्यावर जायचे, दाजी बसून राहायचे. अक्का सगळ्यांच्या मागून जेवायला बसली की टोपल्यातली भाकरी मोडून तिच्या ताटात टाकायचे. ती "नको" म्हणायची, ते टाकायचे. चाळीसेक वर्षं ती तशीच जेवली. आणि मी शहाणी वर्षभर तिला टॉनिकच्या बाटल्या पोचवत होते.

मग माझा पारा चढला. राग काढायला समोर माणूस लागतो, तो मिशीवाल्यांच्या रूपाने स्वयंपाकघराच्या दारात उभाच होता. मी आमच्या धुळ्याच्या हिंदीत सुरू झाले, "भैया, हमारे में एक बार पूछके ऐसा चले नहीं जाते!"

ते बिचारे गांगरले. "मॅडम, आपने मना किया."

"मना किया तो क्या हुआ!"

आत आचारी हातातला झारा धरून हसायला लागला. मी त्यांना समजावलं, की आमच्यात पहिला नको लाजेचा, दुसरा रीतीचा आणि तिसरा पोटाचा. पहिले दोन ऐकायचेच नसतात. आणि फट बघायची. मी त्यांच्या समोर हात आडवा धरून फट दाखवली. ते म्हणाले, सासुरवाडीला त्यांचेही असेच हाल होतात, पण बोटीवरची शिकवण कडक, पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, पाहुणा चिडतो. मी म्हटलं, आमचा पाहुणा न विचारल्याने चिडतो आणि घाटावर उतरतो.

अक्काला मी एवढंच म्हटलं, दुपारचं जेव, मग उतर.

त्या दुपारी काय झालं म्हणून सांगू! मिशीवाल्यांनी हातमोजे काढून ठेवले आणि भांडं काखेला लावूनच आले. ह्यांनी पहिला नको म्हणायच्या आत वाटीभर डाळ ताटात. "अरे अरे!" ह्यांचा चेहरा असा खुलला, जसा लग्नात घोड्यावर बसतानाही खुलला नव्हता. मला दोनदा भात. मग त्यांना जोरच चढला. शेजारच्या गोऱ्या साहेबांना "और लीजिए", ते "नो, थँक यू", पुन्हा "लीजिए ना", आणि पडलाच भात. साहेब लाल झाले, मग हसले, मग खाल्लं. आमचे हे उठून त्यांच्याकडे गेले आणि बोटांत फट कशी ठेवायची ते शिकवू लागले. बेंगळुरूचं एक वयस्कर जोडपं होतं, त्यातल्या आजी म्हणाल्या, मला का नाही आग्रह? सगळं टेबल एकमेकांना वाढायला लागलं. आचारी दारात येऊन टाळ्या पिटत होता. मला इतकं हसू येत होतं की घास गिळता येईना.

मिशीवाले अक्कापाशी आले. तिचा हात आडवा.

"नको भाऊ."

"थोड़ा सा."

"नको रे, नको."

"अक्का, आपके लिए अलग बनाया है. ले लीजिए."

मी हातातला घास तसाच धरून तिच्या बोटांकडे बघत होते. बोटं हलली. फट पडली. डाळ गेली, मग भात, मग पपईची भाजी. "माय व, कितलं वाढं!" अक्का ओरडली, आणि जेवली. घाट आला आणि गेला, तिची पिशवी खोलीतच राहिली.

पुढचे दिवस मिशीवाले रोज आग्रह करायचे, अक्का रोज ओरडायची आणि जेवायची. मी नाचायचीच बाकी होते. पण जसजशी सहल संपायला आली तसतशी मी उरलेली जेवणं मोजायला लागले. गावी कोण आहे फट बघायला? मी "धुळ्याला आमच्याकडे राहायला चल" म्हटलं, तर म्हणाली, तिथे मी पाहुणी, माझं घर नरडाण्याला. हे बरोबरही होतं आणि मला रागही येत होता.

शेवटच्या सकाळी बोट धक्क्याला लागलेली, सगळीकडे सामानाची धांदल. मिशीवाले लोकांच्या बॅगा उतरवत होते. जेवायच्या खोलीत कोणीच नव्हतं. ना कोणी या म्हटलं, ना बसा म्हटलं. अक्का एकटी टेबलाशी उभी. मी दारातून धावणार, तोच ह्यांनी माझा दंड धरला आणि मानेने थांब म्हणून खुणावलं.

अक्काने इकडे तिकडे बघितलं. मग फडताळातून एक ताटली घेतली, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली, ताटली आत सरकवली आणि आचाऱ्याला म्हणाली, "भाऊ, माले भूक लागेल शे."

त्याला शब्द कळला नसेल, पण त्याने पुऱ्या तळायला घेतल्या. अक्का खिडकीशी उभी राहून वाट बघत होती. आम्हा सगळ्या भावंडांना, तिच्या लेकरांना, शेतात येणाऱ्या मजुरांना, दारी आलेल्या प्रत्येकाला भूक लागली का म्हणून विचारत तिचा जन्म गेला. तिला स्वतःला भूक लागते, हे मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.