आभाळातली तबकडी आणि चाचांचा स्टुडिओ

बाळांनो, परवा तुम्ही फोनवर उडत्या तबकडीचा फोटो पाठवून विचारलंत, "आजी, तू पोलिसात होतीस ना? मग सांग, हा खरा की खोटा?" म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते. शिरूरला फौजदार असताना असाच एक फोटो माझ्या टेबलावर आला होता. ती घटना मी अजून विसरलेले नाही.

सकाळची हजेरी संपते न संपते तोच निमोण्याचे एक आप्पा तक्रारी अर्ज घेऊन आले. मोठे बागायतदार, मुलीचं लग्न ठरलेलं. तक्रार शिरूरच्या एका फोटो स्टुडिओवाल्या चाचांविरुद्ध. चाचांनी दुकानाच्या काचेत एक फोटो लावला होता. त्यात खाली ऊस, वर संध्याकाळचं आभाळ आणि आभाळात चकाकती तबकडी.

"फोटू जोडलाय त्यानं," आप्पा म्हणाले. "आज तबकडी चिकटवली, उद्या माझ्या पोरीशेजारी कुणालाबी चिकटवील!"

हेच ते गावभर सांगत होते. ऐन लग्नसराईत चाचांच्या ऑर्डरी रद्द होऊ लागल्या होत्या.

चाचांना बोलावलं. ते रडकुंडीला आले होते. "मॅडम, रोल गिऱ्हाइकाचा. मी फक्त धुतला. माझं दुकान बसेल हो!" त्यांनी निगेटिव्हची अखंड पट्टी उजेडात धरली. जोड कुठेच नव्हता.

मग संशय फोटो काढणाऱ्यावर. तो रांजणगावच्या कारखान्यातला कामगार. उलटसुलट विचारलं, पण गडी ठाम.

"आईची आण, म्याडम. कंपनीच्या बशीतनं काढलाय. तबकडी गाडीसंगं पळत हुती. गाडी थांबली की तीबी थांबायची!"

खोटं रचणारा माणूस कुणालाच पटणार नाही अशी गोष्ट त्यात घालत नाही. दुसऱ्या संध्याकाळी हवालदारांना आणि त्याला घेऊन मी त्याच बसमध्ये, त्याच्याच सीटवर बसले. धुळीमुळे काचा बंद होत्या. दिवस मावळताना ड्रायव्हरने छताचा गोल दिवा लावला आणि खिडकीच्या काचेत, थेट उसावरच्या आभाळात, तबकडी उगवली.

"दिवा बंद करा," मी म्हणाले. तबकडी गायब.

"म्हंजी मी दिव्याचा फोटू काढला व्हय?"

"आन् आम्ही दिव्याचा तपास केला," हवालदार म्हणाले. सगळी बस हसली.

मग आप्पांनाही त्याच सीटवर बसवलं. दिवा लावला, बंद केला, परत लावला. त्यांनी काचेतल्या तबकडीवर बोट ठेवून पाहिलं. शेवटी म्हणाले, "चाचाला सांगा, लग्नाची ऑर्डर त्याचीच. फकस्त मांडवातला दिवा बघून काढ म्हणावं."

तोवर मी धरून चालले होते की चुकीच्या फोटोमागे लबाड माणूस असतोच. इथे काढणारा खरा होता आणि धुणाराही खरा. तेव्हा तुमच्या फोटोबद्दल आधी एवढंच विचारा, की काढणारा कुठे बसला होता?

चाचा आता नाहीत. स्टुडिओ त्यांची मुलगी चालवते, आणि आप्पांच्या घरच्या लग्नांचे फोटो तीच काढते.