शुभेच्छुकांत मोठे सर

"हा गॉगल लावलेला माणूस कोण आहे, डॉक्टर? सांगा ना, कोण आहे हा?"

मोठे सर ओरडत होते. मोठे सर म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे मेडिकल डायरेक्टर. त्यांचा आवाज असा, की तळमजल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे बसलेले दोन पेशंट तपासणीशिवायच बरे होऊन घरी गेले. माझ्या नाकासमोर त्यांनी मोबाइल धरला होता. फोटोतला गॉगलवाला माणूस ते स्वतःच होते.

फोटो करंजाडेतल्या एका फ्लेक्सचा होता. फ्लेक्स एवढा मोठा, की त्याच्या सावलीत अख्खी सोसायटी पापड वाळवायची थांबली असणार. मधोमध मी, गळ्यात स्टेथोस्कोप. खाली लिहिलेलं, 'छाती व दमा रोगतज्ज्ञ, लवकरच आपल्या करंजाडेत'. आणि वर, जिथं पुढाऱ्यांची डोकी असतात तिथं, 'शुभेच्छुक' म्हणून मोठे सर. समुद्रकिनाऱ्यावरचे, फुलाफुलांच्या शर्टातले.

ही कर्तबगारी माझ्या मेहुण्याची. मी फक्त करंजाडेत एक गाळा बघितला होता आणि 'स्वतःचं क्लिनिक काढायचा विचार करतोय' एवढं त्याच्याजवळ बोललो होतो. तो विचार गेलं वर्षभर चालू होता. मेहुण्याने एका दुपारीत उरकला. केबिनबाहेर येऊन मी त्याला फोन लावला.

"दाजी, टेन्शन कशाला घेता? वर मोठा माणूस नसला की फ्लेक्सला वजन राहत नाय. लोक म्हणतील, याच्या मागं कोणीच नाय."

नेमकी हीच भीती वर्षभर माझ्या पोटात होती.

आत गेलो तर टेबलावर दोन कागद. एकावर छापलेलं, की तीन वर्षं बाहेर कुठंही प्रॅक्टिस करणार नाही. दुसरा कोरा, राजीनाम्यासाठी. "दोन वाजेपर्यंत एकावर सही," मोठे सर म्हणाले. एक वाजला होता.

मला सुटायचं का होतं, तेही सांगतो. दम्याच्या माणसाला पंप नीट ओढायला शिकवायला वीस मिनिटं लागतात. त्यातली दहा 'पंपाची सवय लागते म्हणे' हे त्याच्या मावशीने सांगितलेलं खोडण्यात जातात. आमच्या ओपीडीत एका पेशंटला सात मिनिटं. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये मोठे सर विचारणार, "तुमची ॲडमिशन्स कमी का?" मी म्हणायचो, "पंप ओढता आला की त्यांना ॲडमिट व्हावंच लागत नाही, सर." मग ते माझ्याकडे असे बघत, जणू मी वॉर्डातल्या खाटा डोक्यावर घेऊन पळवल्यात.

तेवढ्यात आयसीयूतून फोन आला. मी धावलो.

आता इथं मी काहीही वाढवून सांगत नाही. कोपरखैरण्याचा माणूस, तुर्भ्याच्या कारखान्यात कामाला. पंप खिशात, पण आठवडाभर न घेतलेला. ओठ निळे पडलेले. बोलायला जीभ हलवत होता, पण एक शब्द फुटत नव्हता. स्टेथोस्कोप छातीला लावला तर आत शांत. दम्यात शिट्टीसारखा आवाज येतो तोवर बरं असतं. शांतता वाईट.

श्वासासाठी घशात नळी घालावी लागणार हे मी बोलण्याआधीच सिस्टरांनी ती माझ्या हातात दिली होती. भूलतज्ज्ञ बाई चप्पल अर्धवट घालून आल्या. कोणी मशीन ओढलं, कोणी इंजेक्शन भरलं. ऑक्सिजनचा आकडा चढेना. मग रेंगाळला. मग चढला. त्या माणसाभोवती दहा हात होते आणि त्यातले फक्त दोन माझे होते. करंजाडेत हे दोनच असणार होते.

पावणेदोनला परत केबिनमध्ये आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला. सरळ बसलो, छापलेला कागद ओढला, पेनचं टोपण काढलं. मोठ्या सरांनी लगेच चहा मागवला. आवाज आता एकदम साजूक तुपातला.

"पेशंट वाचला ना? छान. पाच-सहा दिवस आयसीयूतच ठेवा. कंपनीचा विमा आहे त्याचा."

"बरा झाला की वॉर्डात हलवीन, सर. बहुतेक परवा."

"मी पाच-सहा म्हटलं, डॉक्टर."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चहात बिस्कीट बुडवत होते. मी छापलेला कागद बाजूला सारला आणि कोऱ्यावर दोन ओळी लिहिल्या. जन्मात एवढं आखूड मी काही बोललेलो नाही. खाली सही केली आणि कागद त्यांच्या चहाच्या कपाशेजारी सरकवला.

बाहेर पडलो आणि पाय आपोआप आयसीयूकडे गेले. माणूस मशीनवर झोपला होता, ओठ पुन्हा माणसाच्या रंगाचे. सिस्टर चार्ट भरत होत्या.

"सिस्टर, मी राजीनामा दिला."

त्या चार्टवर पुढची ओळ लिहू लागल्या.

"उद्या तिकडं मी एकटा असताना असाच कोणी निळा पडून आला, तर मी काय करणार?"

त्यांनी ओळ पूर्ण केली, घड्याळ बघून वेळ टाकली.

"ऑक्सिजन लावाल आणि इथं पाठवाल, सर. दुसरं काय."