मागाच्या तालावर कडक भाकरी

राजशेखरकाका एसटीत कंडक्टर आहेत. सोलापूर ते बार्शी, वैरागमार्गे. गाडी भरली की ते मधल्या वाटेतून तिकिटं काढत निघतात, आणि त्यांच्या थोडं आधी त्यांचं पोट निघतं. उभ्या माणसाला पाठीमागून काहीतरी मऊ लागतं, तो न बघताच पुढे सरकतो. काकांचं वाक्य त्यानंतर येतं, नाकातून, शेवट ओढून: "सरका की पुढंऽऽ, पुढं काय वाघ बसलाय काऽऽ." वैराग आलं की ते "वैराऽऽग" असं म्हणतात की झोपलेलं लेकरू उठून चप्पल शोधतं.

घरी मात्र काका असं काही ओढून बोलत नाहीत. घरी काकूंचा आवाज असतो. काकूंचं नाव महादेवी, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे राग आला की मराठी आणि फारच राग आला की कानडी.

आता काकांच्या आयुष्यातली एकमेव इच्छा सांगायला हवी. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. ध्वज म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला फडकं आठवतं. इथे ती दुमजली घराच्याही वर जाणारी, सजवलेली, जड काठी असते. कमरेला जाड पट्टा बांधायचा, त्यात काठीचं बूड ठेवायचं आणि एकट्यानं तोलत गर्दीतून चालायचं. अंगात पांढरी बाराबंदी, म्हणजे बटणांऐवजी नाड्या बांधायचा अंगरखा. काका तरुणपणापासून काठीच्या शेजारून चालत आलेत. कुणी दमला तर हात द्यायला. कुणी दमलं नाही, आणि दरवर्षी "पुढल्या वर्षी बघू" ऐकून काका गाडीवर परत.

ह्या दसऱ्याला सिद्धलिंगप्पाआण्णांनी काकांना बोलावलं. आण्णा आमच्या गल्लीतल्या पोरांचा सराव घेतात आणि समोरच राहतात. ते इतकं सावकाश बोलतात की वाक्य संपेपर्यंत समोरच्याचा चहा गार होतो. म्हणाले, औंदा तुला पेलायला देतो. काकांच्या डोळ्यात पाणी आलं. आण्णांनी पट्टा आणला. पट्टा पोटाच्या एका बाजूनं निघाला आणि दुसऱ्या बाजूला पोचलाच नाही. दोरी लावून जोडला. सरावाची साधी काठी पट्ट्यात ठेवली, आणि पोटानं काठीला पुढं ढकललं. काठी पुढं चालली म्हणून काका तिच्यामागं चालले, काका चालले म्हणून पोट चाललं, पोट चाललं म्हणून काठी आणखी पुढं. अशी ती मिरवणूक पळत पळत शेजारच्या नरसय्यांच्या दारात शिरत होती, तेवढ्यात गल्लीतल्या बसूनं काठी धरली.

बसू मोबाईलच्या दुकानात असतो, सकाळी जिमला जातो, आणि त्याच्याकडे पोट नाही. तिथे फक्त शर्ट आहे.

आण्णांनी बराच वेळ विचार करून निकाल दिला. "राजशेखर. काठी सरळ हाय. पोट मधी येतंय. सरावाला सुरुवात करताना परत बघतो. न्हाई जमलं, तर बसू."

बसू लई नम्र. म्हणाला, काका, तुमीच पेला की, न्हाई जमलं तर मी हायच. हे "मी हायच" काकांना त्या दिवसापासून जेवताना, झोपताना आणि बार्शी नाक्यावर गाडी वळताना ऐकू यायला लागलं.

काकूंनी सूत्रं हातात घेतली. त्यांच्या मोबाईलवर एक आहाराच्या मॅडम येतात. गोऱ्या, पुण्याकडच्या असाव्यात, प्रत्येक वाक्याला हसतात: "तर मैत्रिणींनो, संध्याकाळी सातनंतर ना, आपण आपलं किचन छान बंद करून टाकायचंय." काकूंनी त्याचं सोलापुरीत भाषांतर केलं: "सात वाजले की कट्टा पुसला. नंतर कुणी डबा उघडला तर हात मोडंन."

यात एकच अडचण होती. काका घरी साडेनऊला येतात.

म्हणून साडेनऊला काकांसमोर एक काकडी यायची. सोललेली, चार तुकडे, वर मीठसुद्धा नाही, कारण मॅडमना मीठ आवडत नाही. काका तिच्याकडे असं बघायचे जसं अर्ध्या तिकिटावर बसलेल्या मिशीवाल्या माणसाकडे बघतात. मग खायचे. मग पाणी प्यायचे आणि "पोट भरलं" असं जाहीर करून झोपायला जायचे.

फरसाण, खारी, शेंगदाण्याचे लाडू, सगळं काकूंनी कपाटात घालून कुलूप लावलं. शेंगाचटणीची बरणीसुद्धा. बाहेर राहिला एकच डबा: कडक भाकरीचा. काकूंच्या माहेराहून येतो, चळतच्या चळत, पापडासारखी पातळ आणि कौलासारखी कडक. काकूंचं म्हणणं असं की कडक भाकरीला कुलूप कशाला, चोरानं हात लावला की ती स्वतःच बोंबलते. आणि ते खरं आहे. कडक भाकरी मोडली की कडाम असा आवाज होतो, चावली की कुणीतरी कोरड्या पाचोळ्यावरून बैल नेतोय असं वाटतं. शांत घरात ती चोरून खाल्लेला माणूस आमच्या खानदानात झालेला नाही.

पण घर शांत नव्हतं. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत नरसय्यांच्या यंत्रमागाच्या कारखान्याला लागून आहे. नरसय्या पद्मशाली विणकर, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि त्यांच्या मराठीत कुठलाही शब्द कुठल्याही लिंगात जाऊ शकतो. टॉवेलची ऑर्डर होती, रात्रपाळी चालू होती. खटाक्-खट, खटाक्-खट. आमच्या गल्लीत जन्मलेलं मूल अंगाईऐवजी हेच ऐकून झोपतं.

भुकेला माणूस लई हुशार होतो. एका रात्री काकांच्या ध्यानात आलं की "खटाक्"ला भाकरी मोडली तर आवाज मागाचा होतो. "खट"ला चावलं तर तोही मागाचा. मधल्या फटीत दाढा थांबवायच्या. सुरुवातीला एकदोनदा ताल चुकला, काकू कुशीवर वळल्या, काका तोंड उघडं ठेवून उभे राहिले. मग जमलं. पुढे तर इतकं जमलं की जबडा आपोआप मागाला लागायचा. चटणी नाही, दही नाही, नुसती कोरडी भाकरी, अंधारात, भिंतीला कान लावून. एवढ्या शिस्तीत काकांनी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

काकू रोज सकाळी त्यांना वजनकाट्यावर उभं करायच्या. काटा वर चाललेला. काकडी खाऊन माणूस फुगतोय हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी काकडी कमी केली. काटा आणखी वर. मग त्यांनी भाजीवालीला धरलं, की तू काकडीला नक्की काय मारतीस. भाजीवालीनं सिद्धेश्वरांची शपथ घेतली. काकूंनी काकडी बंद करून दुधीचा रस सुरू केला. काकांनी तोही प्यायला. प्यायचे आणि भिंतीकडे बघायचे.

आणि मग ती रात्र आली. लाइट गेली.

आता इथं आमच्या गल्लीची एक गोष्ट कळायला पाहिजे, जी काकांनाही माहीत होती पण भुकेत ते विसरले. दुसरीकडे माणसं आवाजानं जागी होतात. आमच्याकडे आवाज थांबला की होतात. माग बंद पडले रे पडले की लेकरं रडायला लागतात, म्हातारे "काय झालं" म्हणून उठून बसतात, कुत्री उभी राहतात. त्या रात्री सगळे माग एका दमात थांबले. सगळी गल्ली एका दमात जागी झाली. आणि त्या गच्च शांततेत, सगळ्यांचे कान उघडे असताना, "खटाक्" येईल ह्या भरवशावर काकांनी आख्खी भाकरी मोडली.

कडाम.

काकांच्या तोंडात आधीचा घास होता. चावावा तर आवाज, गिळावा तर घसा फाटतो. ते तो जिभेवर भिजवत उभे राहिले.

काकूंनी आतून विचारलं, "कोण हाय?"

काकांनी घास गालात सरकवला.

"उंदीर असशील तर पळ. माणूस असशील तर बोल."

"म्म," काका म्हणाले.

तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून, अंधारातून, एकेक शब्द वेगळा उचलून ठेवल्यासारखा आण्णांचा आवाज आला. "राजशेखर. डब्यात. अजून किती राहिल्या?"

मग मात्र गल्ली हसली. भिंतीपलीकडून नरसय्या ओरडून सांगायला लागले की काका, आमचा चूक नाय, लाइट गेला, माग बंद झाली, तुम्ही सावकाश खावा. आणि कुठूनतरी बसूचा आवाज आला, अगदी नम्र, की काका, पाणी आणून देऊ का.

सकाळी काका पायरीवर बसले होते. ड्यूटीचा शर्ट घातलेला, पण उठायचं नाव नाही. म्हणाले, आण्णाला सांगतो, बसूला द्या, आपलं शेजारनं चालणंच बरं. काकू आधी कानडीतून बोलल्या. ते संपल्यावर शेजारी येऊन बसल्या.

"भूक लागायलीय तर सांगायचं की ओ. मी बापडी काकडीवर संशय घेत बसले."

"तू म्याडमचं ऐकायलीस, मी तुझं ऐकायलो," काका म्हणाले. "पोट कुणाचंच ऐकंना."

काकूंनी विचारलं, दुपारनंतर काय खाता. काका म्हणाले, बार्शी स्टँडवर चहा. आणि? आणि भजी. किती? काका रस्त्याकडे बघायला लागले. मग रात्री तो दुधीचा रस, आणि मग ते, भिंतीपाशी. काकूंनी मोबाईल काढला, मॅडम हसत होत्या. काकूंनी त्यांच्या हसण्यावर अंगठा ठेवून त्यांना बंद केलं. "हिच्या नवऱ्याला एकदा बार्शीची गाडी द्या म्हणावं," एवढंच बोलल्या आणि आत जाऊन पीठ मळायला घेतलं.

त्या दिवसापासून आमचं किचन पुन्हा सातलाच बंद होऊ लागलं. फक्त ते बार्शीत बंद व्हायचं. काकू डबा द्यायच्या: ज्वारीच्या मऊ भाकरी, मुगाची उसळ, मेथी, कांदा. सात वाजता फोन. "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. काका हो म्हणाले की काकूंचा विश्वास नाही, फोन ड्रायव्हर अजिनाथकडे. अजिनाथ गावाकडचा, साक्ष द्यायची म्हटलं की ताठ होतो. "व्हय वैनी. भाकरी संपली. उसळ संपली. भज्याच्या गाड्याकडं बघितलं न्हाई." मग थोडं थांबून, खोटं नको म्हणून, "बघितलं, पर लांबनं."

घरी आल्यावर एक पेला ताक. भूक नसायची, पण सवय मोठी वाईट. पहिल्या आठवड्यात काकूंना रात्री जाग आली तर शेजारी काका गाढ झोपलेले आणि जबडा चालू. खटाक्-खट, खटाक्-खट, तोंड रिकामं. काकूंनी हनुवटी दाबून धरली. जबडा थांबला आणि पाय चालू झाले. शेवटी त्यांनी काकांची गादी पुढच्या खोलीत, मागांपासून लांब नेली. तिथे कुत्र्यांचा आवाज येतो, त्याला काही ताल नाही.

सरावाची संध्याकाळ आली. गल्लीत सगळे बाहेर. बसू कडेला, हात मोकळे ठेवून. आण्णांनी पट्टा बांधला. ह्या वेळी तो दुसऱ्या बाजूला पोचला, दोरीशिवाय, शेवटच्या भोकात. लोकांनी "वा" म्हटलं. आण्णा म्हणाले, "श्वास सोड." काकांनी सोडला. सगळ्यांची नजर पट्ट्यावर. पट्टा करकरला, पण टिकला. काकू घराकडे तोंड करून उभ्या होत्या, त्या वळल्याच नाहीत, भिंतीला विचारत होत्या, "टिकला का? टिकला का?"

काठी ठेवली. काका एक पाऊल टाकून थांबले. काठी सरळ. दुसरं. काठी जरा डुलली, काकांनी कंबर सावरली, काठी परत सरळ. असं करत ते नरसय्यांच्या दारापर्यंत गेले, वळले आणि आण्णांपर्यंत परत आले. घाम हनुवटीवरून गळत होता. आण्णा समोरून, मग बाजूनं, मग पुन्हा समोरून बघत राहिले. गल्लीतल्या अर्ध्या बायकांची दुधं उतू गेली असतील.

"पोट हाय अजून," आण्णा शेवटी म्हणाले. "पण आता काठीच्या मागं हाय. चालंल."

बसूनं सगळ्यात आधी टाळी वाजवली. मग हळूच आण्णांना विचारलं की आता शेजारनं चालायला कोण आहे. आण्णा म्हणाले, तू हायसच.

संक्रांतीत काकांनी नंदीध्वज पेलला. बाराबंदीची पोटावरची नाडी काकूंनी सकाळी तीनदा बांधली. रस्त्यावर रांगोळ्या, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर, आणि त्यात काका, मान ताठ, नजर वर, ओठ घट्ट. शेजारून बसू चालत होता. बार्शीकडची एक म्हातारी गर्दीतून पुढे आली, काकांना ओळखलं आणि भर मिरवणुकीत ओरडली, "ओ कंडक्टर! वैरागची गाडी किती वाजता हाय?"

काकांच्या कपाळाची शीर हलली. उत्तर तोंडात आलेलं दिसत होतं. पण कमरेला काठी होती, म्हणून ते गिळून पुढं गेले. उत्तर बसूनं दिलं.

"आज गाडीला कंडक्टर न्हाई, आजी," तो म्हणाला. "सरका पुढं."