फाईलमावशी आणि शेऱ्याचा रकाना

फाईलमावशींना माणसांची नावं लक्षात राहत नसत, आजार राहत. सीताबर्डीच्या भर बाजारात एखाद्या भारदस्त गृहस्थाला गाठून त्या खणखणीत आवाजात विचारायच्या, "काहो, मूळव्याध बसली का?" गृहस्थ घेतलेली भाजी तिथंच टाकून पसार व्हायचा. आमच्या इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची पंचवीस वर्षं गेली होती आणि अर्धं नागपूर त्यांना आतून ठाऊक होतं.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे कॉम्प्युटर आला. अधीक्षकसाहेबांनी नारळ फोडला आणि भाषण केलं की, आता लंडनचा डॉक्टरही आपल्या रुग्णाची माहिती बसल्या जागी वाचेल. तेव्हा आमच्या वॉर्डातून लंडन सोडाच, समोरच्या इमारतीतल्या एक्स-रे विभागाला फोन लागत नसे. यंत्राला गारवा हवा म्हणून ऑपरेशन थिएटरचा एसी काढून त्याच्या खोलीत बसवला. त्या खोलीत चपला काढून जायचं. वॉर्डात मात्र कुत्रीही बेधडक यायची. मे महिना होता. मावशी दारातूनच म्हणाल्या, "याले ऊन लागते म्हणते. आन् पेशंटले काय चांदणं लागून राहिलं?"

जुने कागद यंत्रात भरून रद्दीत द्यायचं ठरलं. नाव, वय, गाव, आजार असे चारच रकाने. डॉक्टर समासात लाल शाईनं जो शेरा लिहीत, तो कुठं भरायचा, असं मावशींनी विचारलं. "प्रोग्राममध्ये तशी सोय नाही," साहेब म्हणाले. मग मावशींनी "सापडून नाही राहिले" म्हणत चार रकाने भरून झालेले गठ्ठेच रद्दीत न देता दाबून ठेवले.

पावसाळ्यात उमरेडचा एक विणकर न्यूमोनियानं फणफणलेला आला. तो बरळत होता आणि नुकतीच लग्न होऊन आलेल्या त्याच्या बायकोला आधीचं काही ठाऊक नव्हतं. यंत्रातून कागद निघाला: पूर्वी पायाला जखम. एवढंच. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं. मी चाचणीपुरतं औषध सिरिंजमध्ये भरत होते, तोच कुणाची तरी फाईल द्यायला आलेल्या मावशी खाटेशी थबकल्या.

"थांब वं सिस्टर! हा तर सुईनं सुजलेला! थेंबभरही देऊ नको त्याले!"

डॉक्टर चिडले. "कॉम्प्युटरमध्ये तसं काही नाही, मावशी."

"त्याले कोणी सांगतलंच नाही, तर त्याले कसं मालूम राहीन?"

दम लागेपर्यंत धावत जाऊन त्यांनी कागद आणला. समासात लाल शाईत लिहिलं होतं: पेनिसिलिननं घसा सुजून श्वास अडला, पुन्हा देऊ नये. मी भरलेली सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली. औषध बदललं. दहाव्या दिवशी विणकर स्वतःच्या पायांनी एसटीत चढला.

चौकशी समिती बसली. कॉम्प्युटर निर्दोष ठरला. कागद वेळेत रद्दीत जमा न केल्याबद्दल मावशींना मेमो मिळाला. शेऱ्याचा पाचवा रकाना मात्र आला, आणि त्यासाठी साहेबांनी आणखी एक नारळ फोडला.

मला वाटलं, मावशी आता त्या खोलीचं तोंड पाहायच्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्या ऑपरेटरशेजारी जाऊन बसू लागल्या. त्या एकेक शेरा मोठ्यानं वाचायच्या, तो टाईप करायचा.

"मेमो देणाऱ्यांसाठी काहून एवढा जीव आटवता?" मी विचारलं.

मावशींनी यंत्राकडे बोट दाखवलं. "अवं, त्याले काही येत नाही बिचाऱ्याले. शिकवा लागते ना."

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी फक्त नरखेड तालुक्याचे गठ्ठे उरले होते. निरोपाचा हार गळ्यात तसाच ठेवून त्या माझ्या वॉर्डात आल्या आणि पहिला गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "इतके राहिले वं. तुलेच सांगून जातो."

नरखेड संपवायला मला पाच महिने लागले.