फरशीवरची गाय
उसाच्या सुक्या पाचटाचा वास आला की मला फलटणजवळचा आमचा गोठा आठवतो. साठ-बासष्ट सालच्या सुमारास फौजेतून रिटायर झालेल्या माझ्या सासऱ्यांनी गोठ्यात फरशी घातली. त्या गार, टणक फरशीवर गाय बसेचना. दिवसभर उभी राहून तिचं दूध निम्म्यावर आलं, आणि माझं तान्हं त्याच दुधावर होतं. मी पाचट अंथरायची, ते झाडून काढायचे. म्हणायचे, "गोठा कसा बराकीवानी पायजे!" शेवटी वैतागून मी म्हणाले, "आवं मामंजी, तुमीच झोपून बगा की तिथं!" हट्टानं ते दुपारभर झोपले आणि कंबर धरून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पाचट पसरलं. गाय बसली, दूध वाढलं. गावात मात्र ते सांगत सुटले, "ही आमची फौजेतली युक्ती हाय!" अजूनही माझा जळफळाट होतो.