भेव काढणारे सर

समोरच्या माणसाच्या नाकापुढे दोन बोटं धरायची आणि ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवायची, ही आमच्या सरांची ओळख. "मान नाई हलवाची जी. फक्त डोळे." सवय अशी अंगात मुरलेली, की बसस्टँडवर दोन चहा सांगतानाही बोटं हलायची आणि टपरीवाला बिचारा डोळे फिरवत उभा राहायचा.

कुरखेड्याला एका लहानशा समुपदेशन केंद्रात आम्ही दोघं एकाच खोलीत बसायचो, मधे एक पडदा. माझ्या बाजूला दारू सोडू पाहणारे. त्यांच्या बाजूला मनाला जबर धक्का बसलेले, आणि आमच्या भागात असा धक्का बरेचदा वाघाचा. माणसानं तो प्रसंग मनात आणायचा आणि त्याच वेळी नजर सरांच्या बोटांमागे न्यायची. असं पुन्हा पुन्हा केलं की प्रसंग विसरत नाही, पण तो अंगावर धावून येणं थांबतं, असं ते सांगत.

तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं. मला वाटे, कुणीतरी धीरानं ऐकून घेतं म्हणून माणूस बरा होतो, बोटं ही उगाचची भर. मी तसं बोलूनही दाखवलं. सर रागावले नाहीत. "मले नाई मालूम काऊन होते. पन माणूस हलका होते ना, बाई?"

नागपूरच्या एका बैठकीत यावरच वाद रंगला. कुणी बोटांच्या बाजूचे, कुणी माझ्यासारखे. सर सगळ्यांना हसत उत्तरं देत होते. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सर, हा उपचार होऊन गेलेल्या धोक्यासाठी आहे. तुमच्याकडे तो कुठे होऊन गेलाय?" सरांची हलणारी बोटं टेबलावर थांबली.

त्याच सुमारास एक म्हातारी आपल्या सुनेला हाताला धरून घेऊन आली. मोहफुलं वेचताना सुनेच्या डोळ्यांदेखत तिच्या जावेला वाघानं नेलं होतं. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पाय टाकत नव्हती. मोहाचा वास आला की तिला उमळून यायचं. सरांनी तिच्यावर फार मेहनत घेतली. पडद्याआडून आधी रडणं ऐकू यायचं, मग नुसतं "मान नाई, डोळे", आणि एक दिवस चक्क हसणं ऐकू आलं. सर त्या दिवशी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना भजी खाऊ घालून मोकळे झाले.

पुढच्या हंगामात ती सरांसाठी टोपलीभर मोहफुलं घेऊन आली. "आता मी एकटीच जातो, सर. अंधारातच. जो आधी जाईन त्याले फुलं. भेव वाटतच नाई."

सरांचा चेहरा उतरला. "असं नको करू, माय. चार बायांसंग जा. दिवस निघू दे, मग जा." ती मान डोलावून गेली. तिच्या गावच्या सरपंचाला त्यांनी फोन केला, वनरक्षकालाही केला. टोपलीला मात्र हात लावला नाही.

हंगाम संपायच्या आत वाघानं तिलाही नेलं.

मी सरांना परोपरीनं समजावलं. त्याच पहाटे गावातल्या आणखी बाया फुलं वेचायला गेल्या होत्या, त्यांच्यावर कुठे कुणी उपचार केला होता? पोटासाठी सगळेच जातात. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या भेत भेत गेल्या, बाई. इकडं तिकडं पाहत गेल्या. हे नाई भेली. तिचं भेव मी काढलं. वाघ तं तिथीच होता."

महिन्याभरात ते काम सोडून वरोऱ्याला निघून गेले. भावाच्या बियाण्यांच्या दुकानात बसतात, असं कळलं.

पावसाळ्यात ती म्हातारी आली, या खेपेला एकटीच. मला वाटलं, दोष द्यायला आली. मी पाणी दिलं. घोटभर पिऊन म्हणाली, "सर कुठी हायेत? सुनेचं केलं तसं माह्यं बी करा म्हणा. डोळा लागला का दोघी सुना दिसतेत."

मी तिच्यासमोरच फोन लावला. म्हातारीचं म्हणणं सरांना सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "त्याईले म्हणा, भेव राहू द्या." आणि फोन ठेवला.

मी तिला तसं सांगितलं. म्हातारीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"भेव तं राहीनच जी," ती म्हणाली. "मले झोप पाह्यजे."

हे सरांना सांगायलाच हवं होतं. मी पुन्हा फोन लावला. नुसता वाजत राहिला. मी लावत राहिले आणि म्हातारी पडद्यापलीकडच्या बाकावर जाऊन बसली, तिच्या गावची बस सुटेपर्यंत.